‘डबल इंडेम्निटी’: मोहाचा आणि विम्याचा दुहेरी हिशेब

खून कोणी केला हे शेवटच्या प्रसंगापर्यंत झाकून ठेवायचे, ही रहस्यपटाची रूढ रीत. १९४४ साली प्रदर्शित झालेल्या ‘डबल इंडेम्निटी’ या अमेरिकन चित्रपटाने ती पहिल्या काही मिनिटांतच मोडली. लॉस एंजेलिसच्या सुनसान रस्त्यावरून रात्री एक मोटार सिग्नल न जुमानता सुसाट धावते. खांद्यात गोळी घुसलेला एक मनुष्य विमा कंपनीच्या बंद कार्यालयात शिरतो, डिक्टाफोनसमोर बसतो आणि एका वरिष्ठ सहकाऱ्याला उद्देशून निवेदन मुद्रित करू लागतो. तारीख १६ जुलै १९३८. खून आपणच केला, पैशासाठी आणि एका स्त्रीसाठी केला; मात्र पैसाही हाती लागला नाही आणि स्त्रीही नाही, असे तो सांगून मोकळा होतो.

गुन्हेगार कळला, हेतू कळला, परिणामही कळला. तरीही पुढचा दीड तासाहून अधिक काळ प्रेक्षक जागचा हलत नाही. बिली वाइल्डर यांनी दिग्दर्शित केलेल्या या कृष्णधवल चित्रपटाचे सामर्थ्य याच गोष्टीत आहे. मोहात सापडलेल्या माणसाचा अंत काय होणार, हे येथे रहस्य नाही. एक हुशार, मिळवता, चारचौघांत आवडता असलेला माणूस पायरीपायरीने त्या अंताकडे कसा चालत जातो, आणि प्रत्येक पायरीवर आपण अजूनही हिशेबाने वागत आहोत असे त्याला कसे वाटत राहते, हे पाहणे अस्वस्थ करणारे आहे.

‘डबल इंडेम्निटी’ हे शीर्षक विमा व्यवसायातील एका कलमाचे नाव आहे. मृत्यू ठरावीक प्रकारच्या अपघाताने झाल्यास वारसाला मूळ रकमेच्या दुप्पट भरपाई देण्याची हमी, असा त्याचा अर्थ. आपल्याकडेही ही कल्पना अपरिचित नाही. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या अनेक पॉलिसींसोबत अपघात हितलाभ घेता येतो आणि अपघाती मृत्यू ओढवल्यास विम्याच्या रकमेइतकीच आणखी रक्कम कुटुंबाला मिळते. चित्रपटाचा नायक वॉल्टर नेफ हा विमा विकणारा असल्याने या कलमामागचे इंगित त्याला पुरते ठाऊक आहे. असे अपघात क्वचितच होतात, म्हणूनच कंपन्या दुप्पट रकमेचे आमिष दाखवू शकतात. आगगाडीच्या प्रवासात होणारा मृत्यू हा त्यांपैकीच एक. पन्नास हजार डॉलरच्या विम्याचे एक लाख करायचे असतील, तर ज्याला मारायचे तो माणूस आगगाडीतून पडूनच मेला पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघतो. संपूर्ण कट या एका अटीभोवती रचला गेला आहे.

न्यूयॉर्कच्या खटल्यापासून पडद्यापर्यंत

या कथेचे मूळ एका सत्य घटनेत आहे. मार्च १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर या गृहिणीने जड ग्रे नावाच्या, स्त्रियांची अंतर्वस्त्रे विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याच्या मदतीने आपला पती अल्बर्ट स्नायडर याचा खून केला. पतीच्या नावावर त्याला अंधारात ठेवून विमा उतरविण्यात आला होता आणि त्यात दुप्पट भरपाईचे कलम होते. घरात चोर शिरल्याचा बनाव दोघांनी केला. परंतु चोरीला गेले म्हणून सांगितलेले दागिने गादीखालीच सापडले. अटक होताच दोघांनी एकमेकांवर दोष ढकलण्यास प्रारंभ केला. १२ जानेवारी १९२८ च्या रात्री सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. टॉम हॉवर्ड या छायाचित्रकाराने पायाच्या घोट्याला लहानसा कॅमेरा बांधून आत प्रवेश मिळविला आणि रूथ स्नायडर हिच्या अखेरच्या क्षणाचे छायाचित्र टिपले. ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’ने ते पहिल्या पानावर छापल्याने मोठी खळबळ उडाली होती.

त्या काळात जेम्स एम. केन हे न्यूयॉर्कमध्येच वृत्तपत्रात काम करीत होते. दोन माणसे प्रेमापोटी गुन्ह्यासाठी एकत्र येतात आणि त्याच गुन्ह्यामुळे एकमेकांचे वैरी होतात, हे सूत्र त्यांच्या लेखनाचा पुढे कायमचा विषय झाले. ‘डबल इंडेम्निटी’ ही त्यांची लघुकादंबरी १९३६ साली ‘लिबर्टी’ या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. विक्रेत्याच्या जागी त्यांनी विम्याचा एजंट आणला, हा बदल वरवर किरकोळ वाटतो. वास्तविक त्यामुळे गुन्हेगार हा बाहेरचा उपरा न राहता ज्या व्यवस्थेला फसवायचे त्याच व्यवस्थेचा पगारी माणूस झाला.

कथा हॉलिवूडच्या हाती नियतकालिकात छापून येण्यापूर्वीच, १९३५ मध्ये, पोहोचली होती. परंतु चित्रपट होण्यास पुढे आठ-नऊ वर्षे लागली. अमेरिकन चित्रपट उद्योगाने १९३० साली स्वतःसाठी आचारसंहिता स्वीकारली होती आणि १९३४ पासून तिची कठोर अंमलबजावणी सुरू झाली होती. व्यभिचार आकर्षक दिसू नये, गुन्ह्याची पद्धत अनुकरण करता येईल इतक्या तपशिलाने दाखवू नये, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, अशी बंधने तीत होती. या संहितेची अंमलबजावणी करणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख जोसेफ ब्रीन यांनी ही कथा पडद्यासाठी सर्वथा अयोग्य असल्याचे स्टुडिओंना कळविले आणि प्रकरण थंडावले. १९४३ साली ही कथा केन यांच्या अन्य दोन कथांसह पुस्तकरूपाने आली, तेव्हा पॅरामाउंट स्टुडिओ आणि बिली वाइल्डर यांचे तिच्याकडे लक्ष वळले.

वाइल्डर यांचा जन्म १९०६ साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत, आजच्या पोलंडमधील एका गावी ज्यू कुटुंबात झाला. व्हिएन्ना आणि बर्लिन येथे त्यांनी पत्रकारिता केली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांनी जर्मनी सोडली आणि पॅरिसमार्गे अमेरिका गाठली. त्यांचे नेहमीचे सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट यांनी हा विषय गलिच्छ ठरवून त्यात हात घालण्यास नकार दिला. तेव्हा ‘द बिग स्लीप’ या कादंबरीचे लेखक रेमंड चँडलर यांना पाचारण करण्यात आले. चँडलर पंचावन्न वर्षांचे, इंग्लंडमध्ये शिकलेले, तुटक स्वभावाचे; चित्रपटाच्या लेखनाचा अनुभव शून्य. दोघांचे क्षणभरही पटले नाही. वाइल्डर खोलीत हातातली छडी नाचवितात, खिडकीचा पडदा ओढण्याचा हुकूम सोडतात, सतत दूरध्वनीवर बोलत बसतात, अशा तक्रारींची यादीच चँडलर यांनी स्टुडिओकडे दिल्याचे सांगितले जाते.

पटकथा मात्र या भांडणातून उत्तम निघाली. केन यांचे संवाद जसेच्या तसे घ्यावेत असा वाइल्डर यांचा विचार होता. कागदावर वाचताना ठसठशीत वाटणारी ही वाक्ये मोठ्याने उच्चारली की पोकळ वाटतात, हे चँडलर यांनी दाखवून दिले आणि संवाद नव्याने लिहिले. स्वतः केन यांनीही ते मान्य केले. डिक्टाफोनवरील कबुलीजबाबाची कल्पना तर आपल्याला सुचली असती तर बरे झाले असते, अशा आशयाची दाद त्यांनी दिली होती. चित्रपटात एका ठिकाणी नेफ दालनाबाहेर पडतो तेव्हा बाजूच्या खुर्चीवर वाचत बसलेला चष्मेवाला गृहस्थ दिसतो, ते खुद्द चँडलर होत. ही गोष्ट कित्येक दशके कोणाच्या ध्यानातही आली नव्हती.

नायक मिळविणे हेही दिव्य होते. नावाजलेले नट असा खलनायकी नायक रंगविण्यास तयार नव्हते. जॉर्ज राफ्ट यांनी तर नायक शेवटी कोटाची कॉलर उलटून पोलिसी बिल्ला कधी दाखवितो, असे विचारले आणि तसे काही नाही हे कळताच भूमिका नाकारली, अशी आठवण वाइल्डर सांगत असत. अखेर हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांत रमलेल्या फ्रेड मॅकमरे यांची निवड झाली. ती अचूक ठरली. मॅकमरे यांचा चेहरा शेजारच्या घरातील मोठ्या मुलाचा वाटावा असा प्रसन्न, विश्वासार्ह. हा माणूस खून करू शकतो, हे प्रेक्षकाला पटते तेव्हा तो स्वतःकडेही थोड्या शंकेने पाहू लागतो. बार्बरा स्टॅनविक या तेव्हा सर्वाधिक मानधन घेणाऱ्या अभिनेत्रींपैकी एक होत्या. त्याही प्रथम कचरल्या होत्या. त्यांना चढविलेला सोनेरी केसांचा टोप इतका बटबटीत आहे की, तो चुकला हे वाइल्डर यांना चित्रीकरण बरेच पुढे गेल्यावर उमगले. पुढे मात्र, ती बाई खोटी आहे हे दिसावे म्हणूनच तसे केले, असे समर्थन ते करीत.

दोन मोह

नेफ हा डिट्रिक्सन नावाच्या तेल व्यवसायातील गृहस्थाच्या घरी जातो तो मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करण्यासाठी. गृहस्थ घरी नसतो. त्याची दुसरी पत्नी फिलिस जिन्याच्या वर टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत उभी असते. ती कपडे करून खाली येते, तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जात नाही. तो पायऱ्या उतरणाऱ्या पावलांवर, घोट्यातील बारीक साखळीवर खिळतो. नेफच्या मनात त्या दिवसापासून रुतते ती ही साखळी. पुढे दोघांत होणारे लाडिक बोलणे वाहतुकीच्या नियमांच्या भाषेत चालते. वेगमर्यादा, पोलीस शिपाई, दंड या शब्दांत एक विवाहित स्त्री आणि एक परका पुरुष एकमेकांचा अंदाज घेतात. आचारसंहितेच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा हा प्रकार आजही ताजा वाटतो.

पुढच्या भेटीत फिलिस सहज विचारल्यासारखे विचारते, पतीला न सांगता त्याचा अपघाती विमा उतरविता येईल काय. तिच्या मनात काय आहे हे नेफ तत्क्षणी ओळखतो आणि तिला फटकारून निघून जातो. कथा येथे संपू शकली असती. त्याच संध्याकाळी ती त्याच्या दारी येते आणि तो दार उघडतो.

सर्वसाधारणपणे या चित्रपटाविषयी लिहिताना सगळा दोष त्या दारात उभ्या असलेल्या स्त्रीवर टाकला जातो. मायाविनी स्त्रीने भोळ्या पुरुषाला नादी लावले, अशी मांडणी केली जाते. चित्रपट नीट पाहिला तर ती अपुरी ठरते. नेफ स्वतःच कबुली देतो की, कंपनीला कसे फसविता येईल हा विचार त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षे घोळत होता. जुगारघरात चक्र फिरविणारा नोकर रात्रंदिवस इतरांना हरताना पाहतो. एक दिवस त्याला वाटते, हे चक्र आपल्याइतके कोणाला कळते? बाहेर आपल्यासाठी पैसे लावणारा एक साथीदार तेवढा हवा. नेफ आपली तुलना अशाच नोकराशी करतो. फिलिस त्याला हा साथीदार म्हणून भेटते. साखळीचा मोह आणि स्वतःच्या हुशारीचा मोह असे दोन मोह त्याच्या ठायी एकत्र येतात, आणि दुसरा पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे. पहिला कदाचित चार दिवसांत विरला असता.

मग कट शिजतो. मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणाचे कागद दोन प्रतींत आहेत असे सांगून डिट्रिक्सनची सही घेतली जाते. प्रत्यक्षात दुसरा कागद अपघाती विम्याचा असतो. त्याची पहिल्या पत्नीपासूनची मुलगी लोला त्या वेळी खोलीतच बसलेली असते. पुढे डिट्रिक्सनचा पाय मोडतो आणि कुबड्या घेऊन तो आगगाडीने प्रवासाला निघतो. स्टेशनकडे जाताना फिलिस मोटार चालवीत असते, पती शेजारी आणि नेफ मागच्या आसनाखाली लपलेला. ठरलेल्या जागी ती तीनदा भोंगा वाजविते. खून होतो, परंतु प्रेक्षकाला तो दिसत नाही. कॅमेरा केवळ फिलिसच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो. शेजारी नवऱ्याचा गळा दाबला जात असताना ती समोरचा रस्ता पाहत असते आणि तिच्या मुद्रेवर समाधानाची अस्फुट छटा उमटते. खून दाखवायचा नाही या सक्तीतून निघालेला हा प्रसंग रक्तपाताच्या कोणत्याही दृश्याहून भयंकर आहे.

त्यानंतर नेफ कुबड्या घेऊन, डिट्रिक्सन बनून गाडीत चढतो, शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जातून ठरलेल्या जागी उडी मारतो आणि दोघे मिळून प्रेत रुळांवर टाकतात. परत निघताना मोटार सुरू होईना, हा प्रसंग वाइल्डर यांनी ऐन वेळी घातला. चित्रीकरणाच्या दिवशी स्वतःची मोटार सुरू झाली नाही, त्यावरून तो त्यांना सुचला. प्रेक्षागृहात बसलेला कायदाप्रिय नागरिक या क्षणी श्वास रोखून, गाडी सुरू व्हावी म्हणून मनोमन प्रार्थना करतो. खुन्याच्या बाजूने आपण कधी झालो, हे त्यालाही कळत नाही.

भेटीची चोरी

एकत्र राहता यावे म्हणून दोघांनी खून केला. खुनानंतर दोघांना एकत्र दिसणे अशक्य झाले. चित्रपटातील सर्वांत बोचरी गोष्ट हीच असावी. संशय येऊ नये म्हणून ते एका किराणा दुकानात भेटतात. भोवती डब्यांच्या उतरंडी, लहान मुलांच्या खाद्यपदार्थांच्या रांगा, मध्येच येऊन वरचा डबा काढून मागणारी एखादी गृहिणी. फिलिसच्या डोळ्यांवर काळा चष्मा. ज्या दोघांना एकमेकांशिवाय राहवत नव्हते ते फळीवरच्या वस्तूंकडे पाहत, ओठ न हलविता व्यवहार बोलत असतात. खून करून घरी चालत जाताना नेफला आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येईनासा झाला होता; मेलेल्या माणसाची ती चाल होती, असे तो सांगतो. त्या रात्रीनंतर त्यांच्यात प्रेमाचा एकही निर्भेळ क्षण येत नाही.

आणि येथे कथेतील तिसरा माणूस पुढे सरसावतो. बार्टन कीज हा कंपनीच्या दाव्यांची छाननी करणारा अधिकारी. एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी ही भूमिका अविस्मरणीय केली आहे. खोटा दावा आला की आपल्या छातीत दडलेला एक छोटा माणूस अस्वस्थ होऊन पोट बिघडवितो, असे कीज म्हणतो. कंपनीचा अध्यक्ष हा मृत्यू आत्महत्या ठरवून पैसे वाचवू पाहतो, तेव्हा कीज त्याला आत्महत्यांच्या आकडेवारीचे पाठच देतो. वंश, व्यवसाय, ऋतू, दिवसाची वेळ, विषाचे प्रकार, उडी मारण्याच्या जागा असे सगळे कोष्टक तो एका दमात म्हणून दाखवितो आणि शेवटी विचारतो, ताशी १५ मैल वेगाने चाललेल्या गाडीच्या मागून उडी टाकून कोणी जीव दिल्याची एक तरी नोंद आहे काय? नेफ बाजूला बसून ऐकत असतो. त्याला जिंकल्यासारखे वाटते.

तोच कीज त्या रात्री नेफच्या घरी येतो. जेवण पचत नाही म्हणून. डिट्रिक्सनचा अपघाती विमा होता आणि त्याचा पाय मोडला होता, मग त्याने पायाच्या भरपाईचा दावा का केला नाही? कारण त्याला विम्याची माहितीच नसावी. इतक्या साध्या प्रश्नाने अजिंक्य वाटणारा कट उसवू लागतो. त्या क्षणी फिलिस नेफच्या घरी येत असते. ती उघड्या दारामागे लपते आणि कीज काही अंतरावर उभा राहून बोलत राहतो. राहत्या घराचे दार सहसा बाहेर उघडत नाही, या दृश्यासाठी ते बाहेर उघडणारे केले आहे. चूक खरी, पण ती पाहताना कोणाला आठवत नाही.

कीजचे म्हणणे असे की, दोघांनी मिळून खून केला की ती दोघे एकाच ट्रामचे उतारू होतात. एकाला मध्येच उतरता येत नाही आणि शेवटचा थांबा स्मशान असतो. नेफला हा शब्द नंतर पिच्छा पुरविणाऱ्या आवाजासारखा ऐकू येत राहतो.

नेफ आणि कीज यांचे नाते हा या चित्रपटाचा गाभा मानावा लागेल. कीज त्याला विक्रीचे काम सोडून आपला सहायक होण्यास सुचवितो. त्यात पगार कमी, काम अधिक. परंतु बुद्धीला मान. हे बोलणे चालू असतानाच फिलिसचा दूरध्वनी येतो आणि नेफ कीजसमोर बसूनच, वेगळ्याच कोणाशी बोलत असल्याचे भासवून, खुनाची वेळ ठरवितो. एका हाताशी प्रामाणिक आयुष्य, दुसऱ्या हातात दूरध्वनी. दोन्ही एकाच टेबलावर. पुढे आपल्यावर संशय आहे की काय, हे पाहण्यासाठी नेफ चोरून कीजचे मुद्रित टिपण ऐकतो. त्यात कीजने नेफविषयी संपूर्ण खात्री व्यक्त केलेली असते. पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा हा विश्वास त्याला अधिक जड जातो, असे मॅकमरे यांच्या चेहऱ्यावर दिसते.

उत्तरार्धात लोला नेफला सांगते, तिची आई आजारी असताना फिलिस तिची परिचारिका होती. कडाक्याच्या थंडीत रात्री खिडक्या उघड्या टाकल्या गेल्या आणि आई दगावली. लोलाचा प्रियकर झाकेट्टी हा अलीकडे फिलिसकडे येत-जात असल्याचेही उघड होते. नेफच्या लक्षात येते की, तो आपल्याला सूत्रधार समजत होता, पण प्रत्यक्षात एक साधन होता. शेवटच्या भेटीत अंधाऱ्या दिवाणखान्यात फिलिस त्याच्यावर गोळी झाडते. दुसरी मात्र तिला झाडवत नाही. आपण कधीच कोणावर प्रेम केले नव्हते, या क्षणापर्यंत, असे ती म्हणते. नेफचा त्यावर विश्वास बसत नाही आणि तो तिला जवळ घेऊन गोळ्या घालतो. ती खरे बोलत होती काय? आपल्याला हे सारे नेफच्या तोंडूनच ऐकावयास मिळते. फिलिसच्या मनात काय होते, हे सांगण्याची संधी तिला कोणी देत नाही. या शैलीतील बहुतेक चित्रपटांची ही उणीव आहे आणि ‘डबल इंडेम्निटी’ही तिला अपवाद नाही.

काळोखाचे नाव

छायालेखक जॉन साइट्झ यांनी हे जग ज्या प्रकाशात दाखविले त्याचे अनुकरण पुढे असंख्य चित्रपटांनी केले. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांतून येणारे ऊन नेफच्या अंगावर तुरुंगाच्या गजांसारखे पडते. खोलीतील कोंदट हवा दिसावी म्हणून हवेत ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण उडविण्यात आले होते. हंगेरीत जन्मलेले मिक्लोश रोझा यांचे संगीत पहिल्या दृश्यापासून जणू अंत्ययात्रा निघाल्यासारखे चालते. कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात घडणारी ही गोष्ट इतकी काळोखी वाटते यामागे युरोप सोडून आलेल्या कलावंतांची दृष्टी होती. वाइल्डर यांच्याप्रमाणेच फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक, ऑटो प्रेमिंगर हेही मध्य युरोपातून आलेले होते आणि जर्मन मूकपटांतील छायाप्रकाशाचे संस्कार त्यांनी सोबत आणले होते.

गंमत अशी की, हे चित्रपट बनविणाऱ्यांना आपण एखादी विशिष्ट शैली घडवीत आहोत याची कल्पना नव्हती. महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट पोहोचले नव्हते. युद्ध संपल्यावर १९४६ च्या उन्हाळ्यात ‘द माल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘डबल इंडेम्निटी’ असे चित्रपट पॅरिसमध्ये पाठोपाठ झळकले, तेव्हा त्यांतील समान काळोख समीक्षकांच्या नजरेत भरला. निनो फ्रँक यांनी त्या वर्षी या चित्रपटांना ‘फिल्म नोआर’, म्हणजे काळा चित्रपट, असे संबोधले आणि ते नाव रूढ झाले.

ऑस्करसाठी ‘डबल इंडेम्निटी’ला सात नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘गोइंग माय वे’ या पाद्र्यांच्या गोड कथेला गेला. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी या चित्रपटाचा समावेश करण्यात आला.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीवरही या काळ्या शैलीची छाया पडली. गुरुदत्त यांचा ‘बाजी’ (१९५१) किंवा राज खोसला यांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६) यांत जुगारघरे, रात्रीचे रस्ते, सिगारेटचा धूर हे सारे आहे. परंतु आपल्या नायकावर खुनाचा आळ येतो, खून तो करीत नाही. नायक स्वतः मोहाने खुनी व्हावा, हे त्या काळच्या हिंदी पडद्याला मानवणारे नव्हते. ‘डबल इंडेम्निटी’चे सूत्र भारतात बऱ्याच वळणाने आले. लॉरेन्स कॅझ्डन यांनी १९८१ मध्ये ‘बॉडी हीट’ हा चित्रपट याच धर्तीवर केला. तोवर जुनी आचारसंहिता जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यामुळे शृंगार उघड झाला आणि कटाची खरी सूत्रधार असलेली स्त्री शिक्षेविना निसटली. त्यावर बेतलेला, अमित सक्सेना दिग्दर्शित ‘जिस्म’ (२००३) बिपाशा बसू आणि जॉन अब्राहम यांच्या भूमिकांमुळे गाजला. या चित्रपटात जे मोकळेपणाने दाखविता आले ते वाइल्डर यांना घोट्यातील एका साखळीत सुचवावे लागले होते. तरीही जिवाला चटका लावण्याच्या बाबतीत साखळीच सरस ठरते.

वाइल्डर यांनी आपल्या चित्रपटासाठी एक वेगळा शेवटही चित्रित केला होता. कॅलिफोर्नियात तेव्हा विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड दिला जाई. तशी कोठडी स्टुडिओत मोठा खर्च करून उभारण्यात आली आणि नेफला आत मरताना, कीजला बाहेर उभे राहून पाहताना दाखविण्यात आले. संकलन करताना मात्र, त्याआधीचे दृश्य पुरेसे आहे असे वाइल्डर यांच्या लक्षात आले आणि कोठडीचा प्रसंग संपूर्ण वगळण्यात आला. त्याची काही स्थिरचित्रे तेवढी शिल्लक आहेत.

उरलेले दृश्य असे आहे. चित्रपटभर कीजच्या तोंडात चिरूट असते, पण खिशात काडी कधीच नसते. दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखाने काडी पेटवून त्याला देतो. पहाटेच्या सुमारास कबुलीजबाब संपत असताना कीज दारात येऊन उभा राहिलेला असतो. नेफ पळण्याचा प्रयत्न करतो आणि दाराशीच कोसळतो. खुनी तुला सापडला नाही, कारण तो टेबलापलीकडे, फार जवळ बसला होता, असे तो म्हणतो. त्याहूनही जवळ, असे उत्तर कीज देतो. नेफ कशीबशी सिगारेट ओठांत धरतो. त्याच्या हातात काडी ओढण्याचे त्राण नसते. कीज वाकतो आणि अंगठ्याच्या नखाने काडी पेटवून त्याची सिगारेट शिलगावतो.